म्हातारपणाची ट्रायल

एखाद्याला दुसऱ्याच्या भल्याचं काही सुचलं, की त्याला आवरणं कठीण. त्यातून तो ऑफिसात साहेब असला, तर विचारूच नका. आपल्या चिरंजीवांचं तसंच झालं.

चिरंजीव पन्नाशीचे. त्यांचे बाबा निवृत्त शिंपी. आई गेल्यापासून बाबा आपल्या बैठ्या घरात एकटेच राहत, पुढच्या खोलीत मशीनवर जुन्या गिऱ्हाइकांचं काहीबाही शिवून देत. मध्यंतरी बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला. लागलं काही नाही, पण चिरंजीवांनी निकाल देऊन टाकला.

"बाबा, तुम्हाला इथं एकटं ठेवणं बरं नाही. आमच्याकडे चला."

"आणि मशीन?"

"आमच्याकडे मशीनला जागा कुठाय?"

"मग मला तरी कुठाय?"

शेवटी तह झाला. चिरंजीव हे घर म्हाताऱ्या माणसाच्या सोयीचं करून घेणार. जमलं तर बाबा इथंच. नाही जमलं तर मशीन विकायचं आणि बाबांनी चिरंजीवांकडे चौथ्या मजल्यावर जायचं. बाबा "बरं" म्हणाले आणि त्या दुपारी त्यांनी मशीनला उगीचच दोनदा तेल घातलं.

चिरंजीव कामाला लागले. उत्साह दांडगा, कुतूहल त्याहून दांडगं. मिस्त्रीला बोलावून त्यांनी बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडे बसवून घेतले. कमोडवर उंच सीट आली. उंबरे उडाले. हालचाल दिसली की आपोआप लागणारा आणि माणूस स्थिर बसला की विझणारा दिवा आला. पलंगाशी बेल आली.

"ही वाजवली की येणार कोण?" बाबांनी विचारलं.

"ते नंतर बघू. आधी बेल तर बसू दे."

बाबा काही सुचवायला गेले, की ठरलेलं उत्तर मिळे, "तुम्ही बसा हो निवांत. तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं." दांड्यांची मापंही चिरंजीवांनी स्वतः भिंतीशी ताठ उभं राहून दिली. चिरंजीव ताडमाड उंच. बाबा त्यांच्या खांद्याला लागतात. मिस्त्रीने सांगितलं तिथं भोकं पाडली आणि तो गेला.

आता हे घर पडलं शिंप्याचं. ट्रायल घेतल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हे चिरंजीवांनी लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा घराचीही ट्रायल व्हायला हवी. पण म्हाताऱ्या माणसाला नेमकं वाटतं तरी कसं? दिसतं किती, वाकता येतं किती? चिरंजीवांना भलतीच उत्सुकता लागली.

"मीच म्हातारा होऊन बघतो," ते म्हणाले.

"हो बापडा," बाबा म्हणाले. "फक्त परत येता येतंय का बघ."

चिरंजीवांनी बाबांचा जुना चष्मा घेऊन काचांना व्हॅसलीन फासलं. कानात कापूस कोंबला. गुडघे आखडावेत म्हणून बाबांच्या मापाच्या लाकडी पट्ट्या दोन्ही पायांना नाडीने करकचून बांधल्या. बोटं बधिर व्हावीत म्हणून जाड हातमोजे चढवले आणि ते निघू नयेत म्हणून मनगटाशी चिकटपट्टी गुंडाळली. अशा थाटात स्वारी बाथरूममध्ये शिरली. ट्रायल म्हणजे पुरती ट्रायल, म्हणून दारही लावून घेतलं.

बसणं झकास जमलं. म्हणजे ते पाठीमागे आडवे झाले आणि सीट मध्ये आली. पाय मात्र समोर वल्ह्यांसारखे ताठ. दार आत उघडणारं, आणि टाचा नेमक्या दारापाशी. उठायला त्यांनी दांडा शोधला. दांडा उभ्या माणसाच्या मापाने बसवलेला, डोक्याच्या बराच वर, आणि स्वारी मागे रेललेली. हात पोचेना. नाडी सोडावी तर हातमोज्यांतून गाठ लागेना. जरा विचार करावा म्हणून ते स्वस्थ बसले, तर दिवा विझला.

हात हलवले, दिवा लागला. थांबले, विझला. पाच-दहा मिनिटं चिरंजीव एकटेच टाळ्या वाजवल्यासारखे हातवारे करत होते. मग त्यांनी हाक मारली. अगदी मनापासून मारली.

बाबा मशीनवरून उठून आले. "काय रे बाळ्या?"

आतून काही नाही. कानात कापूस.

बाबांनी दार ढकललं. ते वीतभर उघडून टाचांवर आपटलं.

"आत माणूस आहे!" चिरंजीव ओरडले.

"माहीत आहे मला. पाय बाजूला घे."

"कोण आहे?"

"तुझा बाप."

"बाबांना बोलवा हो जरा!"

बाबांनी एक सुस्कारा सोडला. ते परत गेले, कापड बेतायची मोठी कात्री घेऊन आले आणि दाराजवळ खाली बसले. फटीतून किडकिडीत हात आत घातला, चाचपत नाडी शोधली आणि कात्री चालवली. नाडी तुटली. नाडीखालची ऑफिसची नवी पँटही मांडीपर्यंत कापली गेली, पण सरळ रेषेत. पाय मोकळे झाले. चिरंजीव धडपडत, आनंदाने उठले आणि त्याच क्षणी त्यांच्या कंबरेत उसण भरली. ना धड उभं राहता येई, ना बसता.

बाबांनी त्यांना धरून धरून आपल्या पलंगावर आणून निजवलं आणि कानातला कापूस काढला.

"घर नापास," चिरंजीव कण्हत म्हणाले. "सामान बांधा बाबा."

"घराला का नावं ठेवतोस? कपडा ज्याच्या अंगावर जाणार, त्याच्या अंगावर ट्रायल घ्यायची असते. मला कुणी विचारलं?"

बाबा तसेच उठून बाथरूममध्ये गेले. कमोडवर बसले, उठले, हात सहज जिथं गेला तिथं भिंतीवर शिंप्याच्या खडूने खूण केली. मिस्त्री पुन्हा आला. त्याने खुणांवर दांडे बसवले, सीट खाली घेतली आणि दार बाहेर उघडणारं केलं. बाबा दोनदा आत जाऊन आले आणि खुशीत "फिटिंग बरोबर आहे," म्हणाले. पलंगावरच्या माणसाला मान वळवून तेही बघता आलं नाही.

संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. कंबरेची हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, "अहो बाबा, मग हे घरी कसे येणार?"

बाबांनी फोन कानाशी धरून चिरंजीवांना विचारलं, "काय रे, चार मजले चढवतील तुला?"

"नाही हो बाबा."

"सूनबाई, तू पण दिवसभर कामाला. याला तिथं एकटं ठेवणं बरं नाही. राहू दे इथंच."

बाबा पुढच्या खोलीत गेले. जरा वेळाने चिरंजीवांना तहान लागली. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ओशाळत पलंगाशी बसवलेली बेल दाबली.

"थांब जरा," मशीनच्या खडखडाटातून आवाज आला. "आधी तुझी पँट शिवून होऊ दे."