भिंतीवरचा बाण

"आधी वाचा तरी," असं जानकीबाई नवऱ्याला म्हणेपर्यंत हरिभाऊंची सही होऊनही गेली होती. जव्हारच्या कचेरीत त्यांचा जन्म सह्या करण्यात गेला होता. कारकुनाने बोट ठेवावं आणि हरिभाऊंनी सही ठोकावी. आता लेकीच्या, अवंतीच्या साखरपुड्याआधी एक रंगारी घराची दर्शनी भिंत फुकट रंगवून देत होता. बदल्यात म्हणे एक छोटीशी जाहिरात. एवढ्यासाठी चष्मा कोण शोधणार?

दुसऱ्या दिवशी हरिभाऊ बाजारातून आले, तर भिंत पिवळीधमक आणि तिच्यावर माणसाच्या उंचीची अक्षरं: 'मूळव्याध? लाजू नका. आजच भेटा.' खाली लाल बाण. दवाखाना पुढच्या गल्लीत, पण बाणाचं टोक नेमकं हरिभाऊंच्या दाराला टेकलेलं. संध्याकाळपर्यंत जामसरहून आलेले दोघं ओसरीवर नंबर लावून बसले होते. जानकीबाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग मात्र हरिभाऊ हट्टाला पेटले. चष्मा लावून त्यांनी करार वाचला. तीन वर्षं जाहिरात पुसायची नाही, झाकायची नाही. रविवारी मोखाड्याचे व्याही येणार होते. आधीच ते आपलं घर दाखवायला टाळाटाळ करत होते. ही भिंत बघून आल्या पावली परतले तर? हरिभाऊंनी करार पुन्हा वाचला. मागच्या दाराबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. लगेच परसातलं सरपण हललं, शेजारच्या गोजाबाईंच्या अंगणातून वाट निघाली आणि तोरण मागच्या दाराला लागलं.

व्याह्यांची गाडी मात्र थेट पुढच्या दारी थांबली. त्यांनी भिंत वाचली, हरिभाऊंना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तो टोपीवाला रंगारी काय?"

"तुमच्याकडं पण?"

"नायटा. अख्खी भिंत. म्हणून तर तुम्हाला घरी बोलवत नव्हतो."

"सही करताना वाचलं नव्हतं?"

"तुम्ही वाचलं होतं?"

हरिभाऊंच्या जिवात जीव आला. बैठक बसली, पेढे वाटले गेले आणि याद्यांचा कागद पुढे आला. लग्नाचं काय ठरलं ते लिहून त्याखाली दोन्ही बापांनी सह्या करायच्या. व्याह्यांनी बोट ठेवलं. हरिभाऊंनी सवयीने पेन उघडलं, आणि परत मिटलं. त्यांनी चष्मा मागवला. सगळ्यांचा चहा निवला तरी ते वाचतच होते. एका ओळीवर ते अडले: 'मुलगी लग्नानंतर नोकरी सोडेल.' अवंती खोडाळ्याला आश्रमशाळेत शिकवायची. ती नोकरी तिने किती खस्ता खाऊन मिळवली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हे ठरलं नव्हतं," हरिभाऊ म्हणाले. "असं असेल तर मी सही करायचा नाही."

व्याह्यांनी कागद ओढून घेतला आणि ते ओशाळले. "थोरल्याच्या लग्नाची यादी तशीच उतरवून काढली. मी वाचलीच नाही हो." त्यांनी स्वतःच्या हाताने ती ओळ खोडली.

हरिभाऊंनी पुन्हा पेन उघडलं. तेवढ्यात, मघापासून दाराआडून त्यांच्या हातातला कागद बघणाऱ्या अवंतीचा आवाज आला, "बाबा, कागदाच्या पाठीमागं पण लिहिलंय. ते वाचा."