तात्या लॉन उपटतात

आमचे शेजारी तात्या रोज सकाळी चहाच्या आधी जमिनीत पेचकस खुपसतात.

बदली झाल्यावर मी वडवणीत राहायला आलो, त्याच्या पहिल्याच सकाळी हे दृश्य पाहिलं. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात लांबलचक पेचकस. घरापुढं हिरवंगार लॉन होतं. तात्या दोन पावलं चालायचे, वाकायचे, पेचकस दाबायचे आणि मान हलवून पुढं सरकायचे.

"काही हरवलंय का?" मी कंपाउंडवरून विचारलं.

"न्हाई. इंजन जाम झालंय का बघतोय."

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर हातातलं स्टिअरिंग सुटलं, तोंडातलं सुटलं नाही. निघायचं म्हणजे "डबल बेल". कुणी फार बोलायला लागलं की "ब्रेक मारा". जावई रुसला तेव्हा म्हणाले, "गाडी गरम झालीय. बोनट उघडं राहू द्या."

आमच्या गल्लीत अंगणात तुळस नाहीतर म्हैस, तिसरं काही ठेवायची पद्धत नाही. तिथं यांचं लॉन! जाणारा-येणारा म्हणायचा, "तात्या, एखादी शेळी तरी बांधा." तात्या शेळीलाच काय, माणसालाही आत पाय ठेवू देत नसत. निवडणुकीत एक पुढारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मागं सगळा लवाजमा घेऊन थेट गवतावरून निघाले. तात्या दोन्ही हात पसरून आडवे आले.

"सायेब, मत तुमालाच. पण पाय तिकडून."

सायेब नालीच्या कडेकडेनं, धोतर सावरत ओट्यावर पोचले. ओट्यावर काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, पदरात हात गुंडाळून बसल्या होत्या. त्या नेहमी तशाच बसत. बोलणं कमी. मला वाटायचं, स्वभावच भिडस्त असेल.

तर अशा लॉनचा त्या रविवारी खून झाला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

खर्र-खर्र आवाज आला म्हणून मी बाहेर आलो. तात्या लोखंडी दाताळं घेऊन गवत ओरबाडत होते. जिथं काल हिरवा गालिचा होता तिथं टक्कल पडलं होतं, आणि कडेला तपकिरी काडीकचऱ्याचे ढीग.

"तात्या! हे काय केलंत?"

त्यांनी ढिगातला एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. मेलेल्या मुळांचा, काड्यांचा घट्ट गुंता. हुबेहूब गोणपाट.

"वरून गवत दिसतंय, खाली हे साचलंय. पाणी टाकलं की हेच पितंय. मुळाला थेंब न्हाई."

सोमवारी दिवेलागणीला तेलगावच्या माझ्या शाळेवरून परतलो, तर आणखी भयंकर. तात्यांनी जाड पोकळ पाईपला आडवा दांडा जोडून घेतला होता. त्यावर पाय देऊन ते पाईप जमिनीत घुसवत आणि मातीची कांडी बाहेर काढत. सगळ्या अंगणाला देवी आल्यासारखी भोकं.

"काल सांजच्याला पाणी मारलं," तात्या घाम पुसत म्हणाले. "कोरड्यात पाईप शिरत न्हाई अन् चिखलात निघत न्हाई. भोकातून हवा जाईल, पाणी जाईल. माती दबून डांबर झालीय बघा."

नंतर त्यांनी वर वाळू आणि चाळलेलं शेणखत पसरलं. आमच्या हिनं निकाल दिला, "चांगला माणूस होता."

श्रावण संपता संपता गवत परत आलं. पहिल्यापेक्षा दाट. मी मनातल्या मनात तात्यांची माफी मागितली, आणि त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी, दुपार कलताना, खिडकीतून पाहिलं तर तात्या लॉनवर धाडकन कोसळले.

माझ्या हातातला पेला गळून पडला. चप्पल न घालता धावलो, कंपाउंड ओलांडलं. तात्या उताणे, डोळे उघडे.

"तात्या! छातीत दुखतंय का?"

"न्हाई हो." ते उठले, कपडे झटकले आणि माझ्यादेखत परत कुशीवर पडले.

"का पडताय असं?"

"कुठं लागतंय ते बघतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या काकूला कंपवात हाय. डॉक्टर म्हणले, चालवा. घरात फरशीवर पडली, मनगट मोडलं. म्हणून हे लॉन केलं. तुमी शाळेवरून यायच्या आत ती फिरून घ्यायची, लोकांनी बघितलेलं चालत न्हाई तिला. पर रोज चालून चालून जमीन दगड झाली. गेल्या उन्हाळ्यात हितंच पडल्ती. कंबर काळीनिळी. म्हणली, आता न्हाई चालायचं."

मी वाकून गवत बोटांनी दाबून पाहिलं.

तेवढ्यात काकू भिंत धरत ओट्याखाली उतरल्या. हात थरथरत होते, आज ते पदरात गुंडाळलेले नव्हते. मी निघायला लागलो.

"असू द्या," काकू म्हणाल्या. तात्यांनी पुढं होऊन त्यांचं कोपर धरलं, तर त्यांच्याकडं वळून, "सोडा तुमी. मी चालते."

तात्या हात पसरून मागं मागं. काकू बऱ्याच लांब गेल्या, वळल्या आणि पाय अडखळून गुडघ्यावर, मग कुशीवर आल्या. मी ओरडलोच. तात्या त्यांच्याजवळ बसले. उचलायची घाई केली नाही.

"लागलं?"

काकूंनी तळवा मातीवर टेकून पाहिला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "उठवा. अजून एक चक्कर मारते."