खराडेसाहेबांचं लेथ मशीन

खराडेसाहेबांना नमस्कार केला की ते सरळ आपला हात पकडत. बोटं दाबून बघत, अंगठा वाकवून बघत आणि निकाल देत, "मिलिंगचा हात हाय."

त्यामुळे चंदीगडच्या आमच्या सेक्टरात ते ज्योतिषी म्हणून प्रसिद्ध झाले. समोरच्या कोहलीबाई एकदा मुलीच्या लग्नाचा योग विचारायला आल्या. मीच त्यांना घेऊन गेलो होतो. खराड्यांनी मुलीची बोटं लांबूनच निरखली आणि सांगितलं, "ग्राइंडिंग में बहुत आगे जाएगी." कोहलीबाई त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हत्या.

खराडे मूळचे कोल्हापूरचे. घरची मंडळी गावी, इथे हे एकटे. यंत्रांचे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते इंजिनिअर होते; मिलिंग, ग्राइंडिंग, टर्निंग ही तिथली लोखंड कापण्या-घासण्याची कामं. मी शाळेत फिजिक्स शिकवायचो. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं नवं लेथ मशीन आलं आणि माणूस हातचा गेला. नववी-दहावीच्या पोरांनी ते पाहिलंच पाहिजे, हे त्यांनी डोक्यात घेतलं. आमच्या निम्म्या पोरांना डॉक्टर व्हायचं होतं, उरलेल्यांना कॅनडाला जायचं होतं. खराडे म्हणत, "तिथं जाऊन मशीनच चालवणार की. मग इथं शिकून जावा."

मॅनेजरच्या विनवण्या करून त्यांनी एका शनिवारपुरतं मशीन मोकळं करून घेतलं. पोरांचे हात काळे होणार म्हणून पालक आधी कुरकुरले. शिवाय पंजाबात बसमध्ये बॉम्ब सापडण्याचे ते दिवस. पण मी घरोघर फिरलो आणि वर्गभर पोरं तयार झाली.

एवढ्यावर थांबतील तर ते खराडे कसले? पोरांना आधी थोडी चव द्यावी म्हणून गुरुवारी ते जेवणाच्या डब्यात पितळी नळ्या, स्प्रिंगा आणि वायरी भरून शाळेकडे निघाले. तपासणी नाक्यावर जवानाने डबा उघडला. ओळख पटवायला मला पोलीस चौकीत धावावं लागलं. पोचलो तर खराडे बाकावर बसून इन्स्पेक्टरचा हात तपासत होते. मला मराठीत म्हणाले, "टर्निंगचा हात हाय मास्तर, फुकट पोलिसात घालवला."

ते सुटले, पण बातमी घरोघर गेली आणि एकेक पालक नाही म्हणत गेला. शनिवारी शाळेच्या दारात बस रिकामी उभी राहिली. ते सांगायला मीच स्कूटरने कारखान्यात गेलो.

खराड्यांनी मशीनसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. पोरांच्या कपड्यांना तेल लागू नये म्हणून प्रत्येक खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं होतं. ते पाहून माझा तोल गेला. कसले भित्रे लोक, एक दिवस पोरांना पाठवलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं, असं मी बरंच बोललो.

"त्यांना बोलू नका मास्तर," खराडे म्हणाले. "माझा पोरगा पण नववीतच हाय. इथली गडबड वाढल्यावर मीच त्याला गावाकडं ठेवला. मशीन बघायला येऊ का म्हणून सारखा विचारतोय. मीच नको म्हणतोय."

मला फार वाईट वाटलं. त्यांनी मशीन सुरू केलं, घसा खाकरला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत पाठ केलेलं हिंदी सुरू केलं, "बच्चो, ये जो मशीन है..."

मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. थोड्या वेळाने हात वर करून एक शंका विचारली.

"शाबास, बेटा," ते म्हणाले आणि समजावून सांगू लागले.