गुलाबभाऊंची गोड्या पाण्याची गाडी

वऱ्हाडात कुणाच्याही घरी जा, आधी पाण्याचा गडवा समोर येतो. गुलाबभाऊंच्या घरी आधी प्रश्न येतो.

"तुमची गाडी काहावर चालते?"

पेट्रोलवर म्हटलं की भाऊ मान खाली घालतात. डिझेलवर म्हटलं तर डोळे मिटतात. मग म्हणतात, "बसा. हायड्रोजन मालूम हाय का?"

ज्याला मालूम नसतो तो वाचत नाही, आणि ज्याला असतो तो तर मुळीच नाही. विमा एजंट, दवाखान्यातली नर्सबाई, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांनी हायड्रोजन ऐकला आहे. उमेदवार हात जोडून उभाच होता. भाऊंनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. तो निवडून आला, पण पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही.

मी त्यांचा शेजारी. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, हे माझं दुर्दैव. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून घरी यावं, चपला काढाव्यात, की कुंपणापलीकडून हाक येते, "गुर्जी, एक शंका हाय." ती शंका नसते, भाषण असतं.

"हे पाहा गुर्जी. धूर नाई, वास नाई, आवाज नाई. मांगून काय निघते? पानी! शुद्ध, गोडं पानी. गाडी अमरावतीले जाऊन ये, आन् येतानी गुंडभर पानी आन. हायड्रोजन खरा, बाकी सब झूट."

हे हसण्यावारी नेण्याआधी आमचं गाव समजून घ्या. भातकुली तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारंच. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दुधाचा चहा फाटतो. नळाला गोडं पाणी येतं, पण कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं. सोयरीक जमवताना मुलीचा बाप आधी पाणी चाखतो आणि मग घरी विचारून कळवतो म्हणून निघून जातो.

अशा गावात राहून माणूस गाडीच्या मागच्या नळीखाली पाण्याचा गुंड धरण्याची स्वप्नं पाहणार नाही तर काय करणार? पण मी शिक्षक पडलो. एकदा थकव्याच्या भरात बोलून गेलो, "भाऊ, हायड्रोजन बनवायला वीज लागते आणि पाणी लागतं, तेही गोडंच. मग तो दाबून टाकीत भरायचा, इथवर आणायचा. भातकुलीत भरून देणार कोण?"

भाऊ म्हणाले, "तुमी असं शिकवता म्हनूनच पोट्टे नापास होते."

स्वतः भाऊंकडे गाडी कधीच नव्हती. एक दमणी होती. बैल विकले तेव्हा तीही गेली. सोयाबीनला भाव नाही, कापसावर बोंडअळी, गावात जो भेटतो तो तेच बोलतो. मीही तेच बोलतो. आता बोलायचाही कंटाळा आला आहे. अख्ख्या गावात पुढच्या काळाबद्दल बोलणारे भाऊ एकटेच.

बॅटरीच्या गाडीचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढायचं नाही. "ज्या गावात लाईट पाव्हन्यासारखी येते, तठी बॅटरीची गाडी? हायड्रोजन पाच मिन्टात भरते गुर्जी, पाच मिन्टात! बॅटरीले रात काढा लागते. रात काढाले हाय कोनाले येळ?"

या रागाचं कारण पुण्यात होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत विजेच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. रविवारी त्याचा फोन आला की भाऊ ओट्यावर येऊन भांडत. तो बॅटरी म्हणे, हे हायड्रोजन. पूर्ण गल्ली ऐके. एकदा मी सुमनवहिनींना म्हटलं, "वहिनी, पोरगा आठवड्यातून एकदा बोलतो, त्यात कशाला वाद?"

वहिनी तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तब्येत कशी हाय, बरी हाय, एवढ्यात फोन सरते, गुर्जी. भांडलं का अर्धा घंटा चालते."

त्यानंतर मी भाऊंची शंका जरा निमूटपणे ऐकू लागलो.

प्रशांतची सासुरवाडी अमरावतीची. दिवाळीला मंडळी तिथं उतरायची आणि एक दिवस गावी यायची, सकाळी येऊन दिवेलागणीआधी परत. नात ओवी तान्ही असताना एकदा मुक्कामाला राहिली होती. इथल्या पाण्यानं तिचं पोट असं बिघडलं की अमरावतीला सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून मुक्काम बंद. सुनेचं चुकलं म्हणता येत नाही. गुणी मुलगी आहे. पण गाडी दारात थांबली की माणसांच्या आधी पाण्याचे कॅन उतरत. नेमकं त्याच वेळी भाऊंना अंगणातल्या कडुलिंबावर काहीतरी पाहायचं असे. स्वतःच्या दारात स्वतःच्या नातीला पाणी विचारता न येणाऱ्या माणसाचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आहे. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या दिवाळीत प्रशांत चक्क बॅटरीची गाडी घेऊन आला. आवाज न करता ती दारात उभी राहिली, तेव्हा भाऊंनी तिला पुढून, मागून, खालून पाहिलं. मागे नळीच नव्हती. "पानी निघत नाई म्हनजे," एवढंच बोलून ते लिंबाकडे गेले.

अमरावतीत चार्जिंगचं मशीन बिघडलेलं होतं. आता इथं दुपारभर लावू आणि संध्याकाळी निघू, असा प्रशांतचा बेत. त्यानं वायर लावली, आणि जेवणं होतात न होतात तोच लाईट गेली. यात नवल काहीच नव्हतं. पण तीनच्या सुमारास माझा पंखा फिरू लागला, टीव्ही सुरू झाला, आणि भाऊंच्या घरी मात्र सामसूम.

प्रशांत कुंपणाशी आला. "गुरुजी, तुमच्याकडे लाईट आहे का हो?"

त्याच्या मागे भाऊ उभे होते. बंडीचा खिसा जड होऊन लोंबला होता आणि त्यातून फ्यूजचं पांढरं टोक डोकावत होतं. भाऊ माझ्याकडे पाहत होते. शंका विचारतानाही त्यांनी माझ्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

"आमच्याकडेही नाही," मी म्हणालो.

माझ्या घरातून सिरियलमधली सासू मोठ्यानं रडत होती.

"इन्व्हर्टर आहे," मी म्हणालो. "त्याच्यावर गाडी नाही चालायची."

प्रशांत इंजिनियर. तो मीटरच्या पेटीकडे वळला. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तठी हात नोको लावू बाप्पा, गांधीलमाश्यायनं घर केलं हाय! आपला फेज गेला असन. येईन आपोआप." आमच्या गावात एका गल्लीत उजेड आणि दुसऱ्या गल्लीत अंधार, हे इतकं नेहमीचं की इंजिनियरलाही पटलं. अमरावती गाठण्याइतकी बॅटरी नव्हती. सुनेनं एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा ओवीकडे पाहिलं. ओवी शेजारच्या शेळीच्या पिलामागे पळत होती.

"राहू या आज," सून म्हणाली.

दिवे लागायच्या वेळी भाऊंचा फेज आला. आपोआप.

सकाळी मी दात घासत अंगणात आलो, तर ओवी ओट्यावर भाऊंना टेकून बसली होती. कॅन रात्रीच संपले होते. वहिनींनी नळाचं गोडं पाणी कधीपासून रांजणात राखून ठेवलं होतं, ते उकळून, गाळून गडव्यात भरून आणलं. सुनेनं आधी स्वतः घोटभर पिऊन पाहिलं आणि मान हलवली. मग भाऊंनी दोन्ही हातांनी गडवा धरला आणि ओवी घटाघटा प्यायली. भाऊ काही बोलले नाहीत. हायड्रोजनसुद्धा नाही.

मंडळी गेल्यावर दोन-तीन दिवस कुंपणापलीकडून हाक आली नाही. मला चक्क करमेना. शेवटी मीच ओट्यावर जाऊन बसलो.

"काय भाऊ, हायड्रोजन काय म्हणतो?"

"काई कामाचा नाई."

"अहो, काल-परवापर्यंत तर बाकी सब झूट होतं!"

भाऊ रस्त्याकडे पाहत होते. गाडी आवाज न करता गेली होती, त्यामुळे ती गेल्याचं त्यांना अजून नीट पटलं नसावं.

"पाच मिन्टात भरते ना ते, गुर्जी," भाऊ म्हणाले. "पाच मिन्टात भरलं, का मानूस निघून जाते."