मान डोलावणारे सासरे

सोलरवर मान डोलावणारा एक बाहुला मी सहज म्हणून घरी आणला आणि तिथूनच सगळं बिघडलं. तळहाताएवढा प्लॅस्टिकचा म्हातारा. उन्हात ठेवला की टक् टक् मान हलवतो. ना सेल, ना वायर, ना बिल. मी तिथल्या तिथे ठरवलं, कारकुनी सोडायची आणि हाच धंदा करायचा! (असं माझं अधूनमधून ठरत असतं. मागच्या वेळी गांडूळखत होतं. गांडुळंच सोडून गेली.)

या खेपेला मात्र माझा स्वतःचा शोध होता. बाहुल्याची इवलीशी सोलर-पट्टी काढून मी मोठी पट्टी त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसवली. अगदी अंधुक उजेडातही मान हलावी, हा हेतू. खोकं भरून म्हातारे आणले, टोप्या घातल्या आणि सासऱ्यांच्या खोलीत फळीवर ओळीने मांडून ठेवले. सासरे गेल्यापासून ती खोली बंदच होती, खिडकीला जाड पडदा. (घरही त्यांचंच. मी जावई म्हणून आलो तो राहिलोच.)

एकच गोष्ट जरा खटकत होती. सगळ्या म्हाताऱ्यांना पांढऱ्या मिशा आणि जाड भिंगांचा चष्मा होता. सासऱ्यांचंही तसंच होतं. फरक इतकाच, की सासऱ्यांनी जन्मात कधी मला कशाला होकार दिला नाही. आमच्या लग्नालासुद्धा ते नुसतं "बघू" म्हणाले होते.

रविवारी दुपारी जेवून मी पेंगत होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातात राजीनामा ठेवायचा बेत पक्का होता. इतक्यात बंद खोलीतून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मग एकामागून एक नुसतं टक् टक् टक्.

"ऐकलंस?" मी बायकोला विचारलं.

"बाबा खुर्चीच्या हातावर अशीच बोटं वाजवायचे," ती शांतपणे म्हणाली. "कोणावर चिडले की."

"कोणावर?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. खोलीत अंधार होता आणि त्या अंधारात अख्खी फळी मान डोलावत होती. मी दोन पावलं मागे सरलो. (माझा शोध यशस्वी झाला असेल, ही शंकासुद्धा मनाला शिवली नाही. मी स्वतःला चांगला ओळखतो.)

"चला, बाबांनाच विचारू," असं म्हणून बायकोने दार ढकललं. आत औषधांचा जुना वास अजून तसाच होता. ती खिडकीच्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. मी फळी घट्ट धरून.

"बाबा, हे नोकरी सोडून धंदा करू म्हणतायत. करू दे?"

टक् टक् थांबलं. एकदम. सगळे चष्मे माझ्यावर रोखलेले.

"मग नोकरीच करावी?"

सगळ्या मिशा एकदम वर-खाली व्हायला लागल्या. धंदा गेला, हे मला कळलं. पण खरं सांगतो, त्या घटकेला धंद्याचं दुःख नव्हतं. इतकी वर्षं मनात डांबून ठेवलेलं एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"बाबा, जावई म्हणून तरी मी बरा आहे ना हो?"

पुन्हा सगळे थांबले. मी हिरमुसून मान खाली घालणार, तोच अगदी टोकाच्या एका म्हाताऱ्याने हळूच मान हलवली. हो म्हणून! मला रडू आवरेना.

राजीनामा मी फाडून टाकला. तो एक म्हातारा आता ऑफिसात माझ्या टेबलावर असतो. रोज सकाळी मी त्याची टोपी पुसतो. बाकीचे बायकोने एका खेळणीवाल्याला विकले आणि तो आणखी मागतोय. (ऑर्डर ती घेते. टोप्या मी घालतो.)

काल टोप्या घालता घालता मी पुन्हा त्या दुपारची गोष्ट काढली, तर ती खो-खो हसत सुटली.

"अहो, दुपारी पडद्याच्या फटीतून ऊन येतं. मी फटीसमोर आले की ते थांबायचे, सरकले की हलायचे. बाबा कशाला येतायत!"

"मग मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा मी मुद्दाम फटीसमोर उभी होते. बाबांनी काय उत्तर दिलं असतं, मला माहीत नाही का?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "म्हणजे उजेड नव्हता! तरीसुद्धा त्या एकाने मान हलवली!"

"त्याची मान सैल आहे," बायको म्हणाली. "तुम्ही फळी धरून लटलट कापत होतात ना, म्हणून हलली."