थोरल्या राणीची भुवई

माणसाचा स्वभाव मेल्याशिवाय जात नाही, असे अनुभवी लोक सांगतात. ऐतिहासिक मालिकेतल्या माणसाचा स्वभाव मात्र जिवंतपणीही बदलू शकतो. त्यासाठी फक्त वाहिनीची पूर्वपरवानगी लागते. गेली चार वर्षे मी ज्या मालिकेचे कथानक लिहितो आहे, तिच्यात ही पद्धत फार काटेकोरपणे पाळली जाते. खऱ्या आयुष्यातही अशी व्यवस्था असती तर पुष्कळांची सोय झाली असती, असे मला नेहमी वाटते.

मालिका राजघराण्याची आहे आणि काळ जुना आहे. नेमका किती जुना, हे आम्ही मुद्दाम मोकळे ठेवले आहे, कारण काळ एकदा ठरला की पोशाख, भाषा आणि झुंबरे यांच्यावर उगाच बंधने येतात. इतिहासाचे एक सल्लागार नेमलेले आहेत. इतिहासात काय घडले, ते त्यांना दर महिन्याला आमच्याकडून कळवण्यात येते. (गृहस्थ समंजस आहेत. पहिल्या वर्षी ते प्रश्न विचारत. आता चहा घेऊन जातात.)

कथानक सोपे आहे. महालात एक राजा आणि त्याच्या दोन राण्या. राजा बहुतेक वेळ मोहिमेवर असतो, कारण त्याचे काम करणारा नट दुसऱ्या एका मालिकेत डॉक्टर आहे. धाकटी राणी सोशिक, थोरली दुष्ट. थोरलीने धाकटीच्या दुधात विष कालवायचे, पेला धाकटीच्या ओठांपर्यंत पोचला की भाग संपवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पेला खाली पाडायचा, अशी कामाची विभागणी आहे. आजवर एकोणीस पेले पडले. पेला कशाने पडला यात वैविध्य राखणे ही माझी जबाबदारी. मांजर झाले, वारा झाला, दासीचे कोपर झाले, भूकंप झाला, आणि एकदा काहीच सुचेना तेव्हा दैव झाले. धाकटीला चार वर्षांत एकदाही संशय आलेला नाही. सर्वांत हुशार नायिकेचा प्रेक्षक-पुरस्कार तिला सलग दोनदा मिळाला आहे.

पात्राचा विकास हा विषय आमच्याकडे रंगभूषा विभागाकडे आहे. तिथले काका रोज सकाळी थोरलीची डावी भुवई उजवीपेक्षा वर काढतात. अर्धे बोट वर म्हणजे कट, एक बोट वर म्हणजे विष. (दोन्ही भुवया सारख्या दिसल्या, तर बाई अजून तयार व्हायच्या आहेत असे समजावे.) धाकटीच्या भुवया पहिल्या भागापासून जिथल्या तिथे आहेत. समीक्षक याला व्यक्तिरेखेतले सातत्य म्हणतात.

थोरलीचे काम करणाऱ्या बाईंना सगळे थोरलीच म्हणतात. बाई अगदी गरीब गाय. सेटवर कुणी शिंकले की ही आपली औषधांची डबी घेऊन धावते, आणि शिंकणारा घाईघाईने बरा होतो. इमारतीच्या लिफ्टमध्ये तिच्याबरोबर कुणी चढत नाही. घरी सासूबाई आहेत, त्या रोज आठ वाजता आमची मालिका बघतात. सुनेने केलेला चहा त्यांना आवडतो, पण आधी एक घोट त्या सुनेला घ्यायला लावतात. भांडण नाही, तंडण नाही, नुसता कप तिच्याकडे सरकवतात. हे तिने मला जेवणाच्या सुट्टीत हसत हसत सांगितले, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ डब्यातली पोळी नुसती चिवडत बसली.

यंदा थोरलीची अक्कलदाढ सुजली. गाल टम्म फुगला, आणि भुवई वर नेली की कळ थेट डोक्यात जाऊ लागली. चित्रीकरण थांबवणे शक्य नव्हते. (चित्रीकरण आजवर फक्त एकदा थांबले, तेही सिंहासन धुवायला काढले होते म्हणून.) तेव्हा दिग्दर्शकाने तिला महालाच्या खिडकीत बसवले, बरा गाल कॅमेऱ्याकडे केला, आणि संवाद काढून टाकले. दोन भाग ती बिचारी दुखणे गिळत बाहेर बघत राहिली.

प्रेक्षकांनी निष्कर्ष काढला की थोरलीला पश्चात्ताप होतो आहे. प्रतिक्रियांचा पाऊस पडला. थोरली आतून तुटली आहे, असे एकाने लिहिले. तिच्या डोळ्यांत चार वर्षांची पापे दिसतात, असे दुसऱ्याने. मौनाचा असा अभिनय आपण प्रथमच पाहिला, असे एका समीक्षकाने नमूद केले. (दाढेचे नाव श्रेयनामावलीत देता आले नाही, याची आम्हाला खंत आहे.) प्रेक्षकसंख्या वाढली, वाहिनीच्या मॅडमनी तातडीची बैठक घेतली, आणि पुढील आदेश येईपर्यंत थोरलीचा पश्चात्ताप चालू ठेवावा असे ठरले.

त्याच दिवशी थोरली माझ्या खोलीत आली. दाढ काढून झाली होती, गाल उतरला होता. ती दारातच उभी राहिली.

"दादा, नुसतं खिडकीत बसवू नका. एकदा मला माफी मागू द्या. तोंडाने, सगळ्यांसमोर."

मी म्हटले, सासूबाईंसाठी का?

"मी घरी सांगितलेलं त्यांना पटत नाही," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलेलं पटतं."

लेखकाला याहून मोठी दाद मिळत नसते, म्हणून मी प्रसंग लिहिला. थोरली दुधाचा पेला घेऊन धाकटीच्या दालनात येते. धाकटी सवयीने हात पुढे करते. थोरली म्हणते, थांब, आधी मी पिते. एक घोट घेते, आणि मग म्हणते, इतकी वर्षं तू विश्वास टाकलास आणि मी तो वाया घालवला. मांजर नाही, वारा नाही. पेला पडत नाही.

काकांनी त्या दिवशी दोन्ही भुवया सारख्या काढल्या, आणि आपल्याला हे येते याचे त्यांनाच नवल वाटले. प्रसंग एका दमात झाला. संपल्यावर दिवे बंद करायचे कुणाला सुचले नाही. मलाही रडू आले; माझे लिखाण वाचून आजवर ते फक्त दिग्दर्शकाला येत असे.

भाग दाखवला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरली तोंडाला रंग लावण्याआधीच मला शोधत आली. सकाळी तिने सवयीने सासूबाईंच्या चहाचा घोट घ्यायला कप उचलला, तर त्या म्हणाल्या, "अगं, माझा आहे तो." एवढेच. पण ती ते वाक्य दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटली, धाकटीला दोनदा.

त्यानंतर महालात सुख नांदू लागले. सवती एकमेकींची वेणी घालू लागल्या, जेवलीस का म्हणून विचारू लागल्या. प्रेक्षकांनी या बदलाचे मनापासून कौतुक केले आणि मालिका बघणे सोडले. वाहिनीने पाहणी केली, तेव्हा शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांनी थोरलीच्या माफीने डोळे पाणावल्याचे कळवले. त्यांतले अठ्ठ्याऐंशी जण त्या वेळी दुसरी वाहिनी बघत होते, जिथे एक आत्या कुणाला तरी जिन्यावरून ढकलत होती. (बाकीच्या सहांकडे वीज गेली होती.) जे थोडे लोक निष्ठेने आमच्याकडे थांबले, ते का थांबले तेही त्यांनी लिहिले होते. ही बया इतकी गोड वागते म्हणजे नक्की काहीतरी मोठे शिजते आहे, ते बघायला.

प्रेक्षक हुशार असतो आणि त्याच्या हुशारीचा मान राखला पाहिजे, असे मॅडम बैठकीत म्हणाल्या. मान कसा राखायचा, तेही ठरलेच होते. माफी हाच कट होता. नव्याने फारसे काही चित्रित करण्याची गरज नव्हती. माफीच्या प्रसंगाला शेवटी एक तुकडा जोडायचा आणि तो आठवण म्हणून पुन्हा दाखवायचा. धाकटी विश्वासाने दूध पिते, थोरली पाठ फिरवते. पुढचे मी दोन शब्दांत लिहिले: भुवई वर. चार वर्षांतले माझे हे सर्वांत छोटे लेखन, आणि सर्वांत जास्त पाहिले गेलेलेही.

मी विरोध केला का? केला. बैठक संपल्यावर, जिन्यात, एकट्याने केला.

थोरलीने काही तक्रार केली नाही. काकांनी भुवई एक बोट वर काढली, ती कॅमेऱ्यासमोर वळली, आणि पहिल्याच खेपेला काम चोख झाले. जाताना माझ्याजवळ थांबली.

"असू द्या दादा," ती म्हणाली. "अजून तीन अक्कलदाढा आहेत मला."

भाग गाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कप सरकवला. या खेपेला दोन घोट घ्यायला लावले, असे ती म्हणाली, आणि रंग लावून घ्यायला बसली.

सासूबाईंना मी मुळीच दोष देत नाही. प्रेक्षकांनाही नाही. त्यांची पारख इतकी तयार असते, कारण सराव ते घरीच करतात. वाचकहो, तुमच्याही नात्यात एखादी थोरली असेलच. कुणाची नणंद, कुणाची जाऊ, कधीकाळी चार शब्दांनी दुखावून गेलेली. मध्यंतरी तिचा आपणहून फोन आला होता, नुसती तब्येत विचारायला. गोड बोलली, मुलांची चौकशी केली, मागचे काही मनात ठेवू नकोस म्हणाली. तुम्हीही छान बोललात. मग फोन ठेवून घरातल्यांकडे वळलात आणि म्हणालात, "हिला आता काय हवंय?"

त्या वेळी तुमची डावी भुवई आमच्या काकांनी पाहायला हवी होती. चांगली एक बोट वर होती, आणि ती कुणी काढून दिलेली नव्हती.