देव यायच्या आधी

धोंडीआबांनी देवादिकांचे कितीतरी सिनेमे पाहिले आहेत, पण एकाही सिनेमात त्यांनी देव पाहिलेला नाही. देव प्रकट व्हायची वेळ आली की ते उठतात.

लोणावळ्याच्या बाजारात तंबूचं थेटर येतं. देवाचं चित्र लागलं की आबा चिक्कीच्या भट्टीवरून सुटून थेट तिकडं जातात. भक्ताचे हाल मन लावून बघतात. मग पडद्यावरची आई मेलेलं पोर मांडीवर घेऊन देवाला हाका मारू लागते, शंख वाजतो, आणि आबा उभे राहतात. त्यांच्या मुंडाशाची सावली पडदाभर पसरते.

“ओ आबा, खाली बसा, देव दिसंना.”

“दिसंल तुमाला. मी निघालो.”

दारावरच्या माणसाशी त्यांचा दर वेळी वाद. “मी देव बघत न्हाई. अर्ध्या तिकिटात सोड.” तो एकदा वैतागून म्हणाला, “देव फुकटच हाय आबा. पैसं भक्ताच्या हालाचं घेतोय.” हे आबांना इतकं पटलं, की महिनाभर वाडीत सगळ्यांना ऐकवत होते.

कीर्तनातही तेच. एका बुवांनी त्यांना हरवायचं ठरवलं आणि गोष्ट सुरू होते न होते तोच देव आणला. आबा शांतपणे उठले. जाता जाता म्हणाले, “आज लवकर आला.” मंडळी इतकी हसली, की बुवांना अभंग पुन्हा धरावा लागला.

आबा मूळचे इंदुरी गावाकडचे. मी लहान असताना ते आणि सखूमावशी आमच्या वाडीत येऊन राहिले. त्यांना मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. मावशी सिनेमाला जात नाही, कीर्तनालाही नाही. आबा घरी जाऊन तिला गोष्ट सांगतात, अर्थात त्यांनी पाहिली तेवढीच.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. पुण्यात मी देव नाही असं सांगणारं एक पुस्तक वाचलं. निम्मं कळलं. पण वाटलं, हे आबांना आधीपासूनच कळलेलं असणार. त्या रविवारी गावी आल्यावर मी चाचरत त्यांना विचारलं, “आबा, तुम्ही नास्तिक आहात का?”

“म्हंजी काय?”

“देव नाही असं मानणारा.”

“हाय की. न्हाई कशाला? लोकांकडं येतोय की.”



या श्रावणात आबांना खोकला झाला. पावसात देवळात पोथी ऐकायला जाणं होईना, म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं. “वाच की मर्दा. कालेजात काय नुसता बसून येतोस?”

मी पाटावर बसून वाचू लागलो. मावशी चुलीपुढं भाकऱ्या थापत ऐकत होती. अध्यायात भक्ताचं पोर गेलं, आईनं टाहो फोडला. पुढच्या ओवीत देव येणार होता.

“बास,” आबा म्हणाले.

“आबा, अध्याय अर्धा ठेवत नाहीत.”

“हितं ठेवत्यात.”

ते खोकत उठले आणि देव्हाऱ्याकडं गेले. तेव्हा माझं लक्ष गेलं. देव्हारा रिकामा होता. खाली तांब्याचं घंगाळ होतं आणि त्यात सगळे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा पाण्याखाली होते.

“मावशी, देव पाण्यात का ठेवलेत? कोण आजारी आहे?”

मावशीनं भाकरी उलटली. “आमचा किसन, पाळन्यातला. चार दिस ताप उतरंना, म्हून घातलं व्हतं. बरा झाला की काढू म्हनलं व्हतं.”

“मग?”

“मग काय. बरा झाला न्हाई.” ती पिठाचा हात झटकत म्हणाली, “लोकं म्हनली, आता काढा. म्हनलं, कशाला? त्यांनी त्यांचं केलं न्हाई, मी माझं का मोडू? इंदुरीस्नं आलो तेबी असंच घेऊन आलो, पान्यातच.”

“आणि गोष्टीतला देव…”

“मला ठाव न्हाई व्हय रं शेवट? लानपनापास्नं ऐकलाय. पर त्यो या घरात सांगायचा न्हाई. ह्यो बाबा तर मी बरूबर नसले तरी ऐकत न्हाई. म्हनतो, तुला सोडून एकट्यानं कसा ऐकू.”

 आबांनी घंगाळातलं कालचं पाणी ओतून टाकलं. माठातलं पाणी पातेल्यात घेतलं. बाहेर पाऊस धरून होता आणि घरात चांगलाच गारठा होता. चुलीच्या वैलावर पाणी उकळत होतं. त्यातलं तांब्याभर आबांनी पातेल्यात मिसळलं आणि कोपर बुडवून बघितलं.

“अजून वाईच घाला,” मावशी म्हणाली.

आबांनी घातलं, परत कोपर बुडवलं, आणि मग ते पाणी हळूहळू देवांवर सोडलं.